सलोमीने परत मागितलेली प्रार्थना

जिथे बैलगाडीची वाट संपते आणि करवंदीच्या जाळ्या सुरू होतात, तिथे एक इवलंसं गवती घर होतं. घरात होती सलोमी, तिची आई आणि पाच महिन्यांचा शांतवन. बाबा टोपल्या घेऊन लांबच्या बाजाराला गेले होते. घरात पांघरूण एकच, आणि तेही असं विरलेलं की आतून चांदण्या दिसाव्यात.

आधीच सांगून ठेवते, गोष्टीत मध्ये भीती आहे. शेवटी नाही. असं आधी सांगायचं नसतं म्हणतात, पण मलाच धीर धरवत नाही.

बाळाचं नाव शांतवन ठेवलं, ते घराला समाधान मिळावं म्हणून. पण हा बाळराजा रडायचा, रडायचा, असा रडायचा की छपरावरचे कावळे उडून जायचे! आई त्याला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालायची. सलोमीला कितीतरी दिवसांत धड झोप मिळाली नव्हती.

रोज दिवेलागणीला दोघी चटईवर गुडघे टेकायच्या. आधी मोठ्याने प्रार्थना, मग थोडा वेळ मनातल्या मनात. आणि शेवटी दोघी मिळून म्हणायच्या, "आमेन." म्हणजे, तसंच होवो.

त्या संध्याकाळी शांतू नुसता किंचाळत होता. सलोमीने डोळे गच्च मिटले आणि मनात म्हणाली, "देवबापा, ह्याचा आवाज एकदाचा बंद कर."

"आमेन," आई म्हणाली.

"आमेन," सलोमी म्हणाली.

सकाळी घर अगदी गप्प होतं. शांतू जागा होता. अंग तव्यासारखं तापलेलं, गाल जास्वंदीसारखे लाल. त्याने तोंड उघडलं होतं, डोळ्यांतून टपटप मोती गळत होते. तो रडत होता. पण आवाज येतच नव्हता!

"शेजारचे एलीशाकाका सायकलने नर्सबाईंना आणायला गेलेत," आई म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तू झऱ्याकाठचा अडुळसा घेऊन ये, सलू. धावत जा, धावत ये."

सलोमी धावली. हे मी मागितलं, ती मनात म्हणत होती. मी मागितलं, आणि आईने त्याच्यावर आमेन म्हटलं.

रानात दुधासारखं धुकं होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. झाडं अशी उभी होती, जणू त्यांना सगळं कळलंय. सलोमीने अडुळशाची पानं खुडली आणि वळणार, तोच कुणीतरी बारीक आवाजात ओरडलं, "अगं आई गं!"

दवाने चमचमणाऱ्या जाळ्यात एक चिमुकली परी अडकली होती. अंगठ्याएवढी, लिंबाच्या फुलासारखी पांढरी, पंख निळे-हिरवे-सोनेरी. आणि वरून पिवळ्या पट्ट्यांचा एक कोळी हळूहळू उतरत होता.

सलोमीला घाई होती. शिवाय तिला कोळ्याची फार भीती वाटायची. तरी तिने डोळे अर्धे मिटून हात पुढे केला आणि टर्रकन जाळं फाडलं.

"मला कोळ्याची भीती वाटते," ती धापा टाकत म्हणाली.

"मला काय कमी वाटते?" परी पंख झटकत म्हणाली. "माग, राणी. एक मागणं माग."

"शांतूला बरं कर!"

"ते माझ्या हातचं नाही गं. ज्याच्या हातचं आहे, त्याच्याशी तू रोज बोलतेस. मी फक्त हरवलेलं, सांडलेलं, नको तिथे गेलेलं परत आणून देते."

सलोमीने अगदी हळू आवाजात विचारलं, "प्रार्थना परत आणता येते?"

परीचे पंख फडफडायचे थांबले.

"येते. पण अट आहे. एका आमेनने बांधलेल्या सगळ्या प्रार्थना एकदमच सुटतात. तुझी आणली, तर आईचीही परत येणार. म्हणून तिला विचारावं लागेल, आणि तुझी कसली होती तेही सांगावं लागेल. धुकं आहे तोवरच हं. ऊन पडलं की मला जावं लागतं."

"आईला सांगू? ती मला घरात घेणार नाही!"

सलोमीने मागे पाहिलं. गप्प बसली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण तिला शांतूचं ते उघडं, मुकं तोंड आठवलं, आणि ती घराकडे पळत सुटली. परी तिच्या वेणीला धरून लोंबकळत होती.

आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, मीच केलं," सलोमी दारातूनच म्हणाली. "मी मनात मागितलं, ह्याचा आवाज बंद कर म्हणून. तू आमेन म्हणालीस, पण तुला माहीत नव्हतं."

सलोमीने मान खाली घातली. आता धपाटा बसणार!

"किती वेळा म्हणालीस?" आईने विचारलं.

"एकदाच."

"मी तीनदा म्हटलं."

"काय?"

"हेच! देवबापा, ह्याला गप्प कर. आजच्या दिवस तरी गप्प कर. तीनदा, सलू." आईने शांतूला छातीशी धरलं. "तुला कळलं तर तू मला काय म्हणशील, ह्याच भीतीने बसले होते."

सलोमीने खिडकीत जाऊन बसलेल्या परीकडे बोट दाखवलं आणि तिची अट सांगितली. मग आई डोळे पुसत खिडकीकडे वळून म्हणाली, "तू जी कुणी आहेस ना, बाई, ते सगळं परत आण."

परी सोन्याच्या रेघेसारखी वर गेली आणि क्षणात आली. तिच्या ओंजळीत चार काळ्या, कडक बिया होत्या.

"ऐकल्या होत्या देवबापाने ह्या सगळ्या," ती म्हणाली. "पण पेरली एकही नव्हती. कोनाड्यात नुसत्या ठेवल्या होत्या."

"मग शांतू?"

"बाळांना ताप येतो, राणी. आवाज बसतो. रागाच्या भरात तू आईकडे निखारा मागितलास, तर ती तुझ्या हातावर ठेवेल का?"

सलोमीने जोरजोरात मान हलवली. पण शांतूचं अंग तापलेलंच होतं. दोघींनी गुडघे टेकले आणि ह्या वेळी सगळं मोठ्याने मागितलं, अडखळत, एकमेकींचे शब्द उचलत.

काहीच झालं नाही.

त्यांनी पुन्हा मागितलं. बाहेर सायकलची घंटी वाजली आणि पाठोपाठ नर्सबाईंचा खणखणीत आवाज आला, "अहो, चुलीचा धूर केवढा हा! बाळाला आधी ओसरीवर आणा बघू!"

नर्सबाईंनी घसा पाहिला, औषध पाजलं, अंग ओल्या फडक्याने पुसलं. "आता वाट बघायची," त्या म्हणाल्या आणि एलीशाकाकांशेजारी पायरीवर टेकल्या. वाट बघणं किती अवघड असतं! सलोमीने आईचा पदर घट्ट धरला. धुकं हळूहळू पातळ होत होतं.

आणि मग शांतूच्या गळ्यातून एक चिरका, बारीकसा आवाज आला. दारामागच्या कुत्र्याच्या पिल्लासारखा. मग दुसरा. मग त्याने असं काही भोकाड पसरलं की नर्सबाईसुद्धा दचकल्या.

"रड रे माझ्या सोन्या!" आई हसत-रडत म्हणाली. तिने त्याला उचलून सलोमीपुढे धरलं. "घे. तू धर."

"मी?"

"तूच."

त्याच वेळी धुकं फाटलं. अंगणभर केशरी ऊन सांडलं आणि परी त्या उन्हात लखलखत, पसरत, विरत गेली. सलोमीला तिचे आभार मानायला हात जोडायचे होते. पण हातांत शांतू होता.