शिरसाटांची विहीर

नगरकडच्या एका गावात थॉमसराव शिरसाटांनी विहीर खणली, पण वस्तीतल्या गरीब बायांना ते पाणी भरू देईनात. चर्चमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या मार्थाबाई त्यांच्याशी बोलायला गेल्या.

थॉमसराव म्हणाले, "बाई, धर्म चर्चमध्ये ठेवा. माझ्या विहिरीवर आणू नका."

पुढं विहिरीवर मोटार बसली, तेव्हा त्यांनी उद्घाटनाला जमलेल्या पाहुण्यांदेखत मार्थाबाईंनाच प्रार्थनेला बोलावलं. बाई आल्या, पण प्रार्थना सुरू करेनात.

"करा की सुरुवात."

"साहेब, धर्माला इथं तुम्हीच बंदी केलीय. आता बोलावताय, पण तो एकटा येत नाही, तहानलेल्यांना घेऊनच येतो."

पाहुणे थॉमसरावांकडं बघू लागले. शेवटी थॉमसरावांनी बायांना पाणी भरायला यायचा निरोप वस्तीत धाडला. पहिला हंडा भरला, तेव्हाच मार्थाबाईंनी खणखणीत आवाजात प्रार्थना सुरू केली.