हैबती गवंड्याचं घर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण मी ऐकली तेव्हाच ती जुनी होती. पोरांनो, तुम्ही ऐका. आणि मागे बसून डुलक्या घेणाऱ्या आजोबांनो, तुम्ही तर जास्तच ऐका.

काळ्या दगडाच्या एका टेकडीखाली एक गाव होतं. टेकडीचा दगड ज्याला लागेल त्याने फोडून न्यावा, अशी तिथल्या राजाची मुभा होती. गावात दुसरीही एक रीत होती. पाडव्याच्या सकाळी घरमालक भाडेकऱ्याच्या घरी यायचा, भिंती बघायचा, जमीन बघायचा आणि वर्षाचं भाडं ठरवायचा. जसं घर, तसं भाडं. भाडं जोंधळ्यात द्यायचं.

या गावात हैबती नावाचा गवंडी होता. त्याने बांधलेल्या भिंतीला ओळंब्याची दोरी लावली तर ती भिंतीपासून केसभरही हलायची नाही. अर्ध्या गावाची घरं त्याच्या हातची, पण तो स्वतः राहायचा भाड्याच्या घरात. घर होतं आप्पाशेट नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याचं. आप्पाशेट वाईट माणूस नव्हता हं! बोलायला गोड, हिशेबाला पक्का.

हैबतीला एक खोड होती. वाकडं काही दिसलं की त्याला चैन पडायचं नाही. एका वर्षी त्याने आप्पाशेटच्या घराची फुगलेली भिंत सरळ केली. पुढच्या वर्षी दारापुढे दगडी ओटा बांधला. मग स्वयंपाकघराच्या भिंतीत दिव्यासाठी देवळी काढली, तीही अशी देखणी की शेजारणी दिवा बघायला यायच्या.

पाडव्याला आप्पाशेट यायचा आणि तोंडभरून म्हणायचा, "वा रे हैबती! काय कळा आणलीस घराला! असं घर गावात दुसरं नाही. मग यंदा एक पायली जास्त, काय?"

आणि आमचा हा शहाणा स्तुतीने इतका फुलायचा, की हसत हसत जास्तीची पायली मोजून द्यायचा! स्वतःच घर सुधारायचं आणि स्वतःच त्याचं भाडं वाढवून घ्यायचं. आहे की नाही गंमत?

त्याची बायको पारू कपाळावर हात मारायची. "अहो, परक्याच्या भिंतींवर जीव टाकता. आपल्या चार भिंती कधी बांधणार?"

"तो व्याप कोणी करायचा? इथं बरं आहे. छप्पर गळलं तर मालक बघेल."

"मालक बघतो? मग परवाच्या पावसात छपरावर कोण चढलं होतं?"

हैबती आपली गवंडीकामाची करणी पुसायला लागला. तोच चढला होता.

शेजारच्या खोलीत गोजरा नावाची एक विधवा राहायची. ती बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणायची. तीही आप्पाशेटची भाडेकरू. एके दिवशी तिने गावाच्या टोकाची खडकाळ जागा पाटलांकडून विकत घेतली. बोली अशी, की दर पाडव्याला ठरल्या तेवढ्या टोपल्या द्यायच्या, असे दहा पाडवे. तिथे तिने बांबूचा कूड विणला, त्यावर माती लिंपली आणि राहायला गेली.

पहिली वर्षं तिची हालाची गेली, ते लपवून काय करू? रात्रंदिवस विणून बोटं सोलली. पावसाळ्यात कुडाची माती वाहून जायची. सणाच्या दिवशीसुद्धा तिच्या पानात गोड नसायचं. हैबती तिची थट्टा करायचा. "गोजराबाई, माझ्या भाड्यापेक्षा तुझ्या टोपल्या जास्त जातात की गं! आणि वर अंगावर पावसाचं पाणी!"

गोजरा विणता विणता म्हणाली, "जातात ना, दादा. पण माझ्या टोपल्यांना शेवट आहे. तुमच्या जोंधळ्याला आहे का?"

हैबती हसला आणि विसरून गेला.

वर्षं गेली. गोजराच्या टोपल्या तेवढ्याच राहिल्या, हैबतीच्या पायल्या मात्र वाढत गेल्या. दहावा पाडवा झाला आणि गोजरा मोकळी झाली. पुढे बाजाराला जाणारी गाडीवाट तिच्याच जागेजवळून निघाली. तिने एक मांडव घातला. गाडीवान बैल सोडायला थांबू लागले आणि जाताना तिला मूठ-पसा धान्य देऊ लागले. ज्या खडकाला लोक हसले, त्याला आता गिऱ्हाईकं यायला लागली. ती कोणालाच हो म्हणेना.

मग एक कोरडं वर्ष आलं. घर बांधायला कोणाच्याच हातात काही उरलं नाही आणि हैबतीची करणी कोपऱ्यात पडून राहिली. गोजराच्याही टोपल्या कमी खपल्या, पण डोक्यावरच्या छपरासाठी तिला काही द्यायचं नव्हतं. जे मिळे ते तिच्या चुलीवर शिजे. हैबतीच्या घरात मात्र आधी भाड्याचा जोंधळा बाजूला निघायचा आणि उरलं तर भाकरी. त्यात त्याचे गुडघेही कुरकुरायला लागले होते.

त्या पाडव्याला आप्पाशेट आला तो अवघडूनच. "हैबती, माझ्या मुलाचं लग्न ठरलंय. सून म्हणते, राहीन तर त्या दगडी ओट्याच्या घरात. तूच इतकं देखणं केलंस बाबा, मी तिला नाही कसं म्हणू?"

झालं! उभ्या जन्माची कारागिरी भिंतीत आणि भिंत परक्याची. रागाच्या भरात हैबतीने ओट्यावर हातोडा उगारला, पण आपल्याच हातचं काम मोडायला त्याचं मन होईना. त्याने हातोडा पिशवीत टाकला, करणी आणि ओळंबा घेतला, आणि पारूला म्हणाला, "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही." म्हातारपणी डोकं कुठे टेकायचं, या विचाराने त्याला रडूच आलं.

वाटेत गोजरा उभी होती. "माझ्या जागेची खालची पट्टी मोकळी आहे. विकत घ्या."

"विकत? माझ्याकडे आहे काय?"

"हात आहेत ना! माझा कूड काढून मला दगडी भिंती बांधून द्या, की पट्टी तुमची. पाटलांसमोर तसं बोलू. फुकट नाही देणार हं, दादा. फुकट दिलं तर तुम्ही ते माझंच समजाल आणि पुन्हा परक्याचं घर सजवत बसाल!"

पारू खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

घर होईतो दोघं गोजराच्या मांडवात राहिली, आणि हैबतीने आधी तिच्या भिंती बांधल्या. मग पुढच्या वर्षी पाऊस झाला, तशी दुसऱ्यांची मिळतील ती कामं करता करता, टेकडीचा दगड आणून, आपली एकेक भिंत उचलली. भाड्याला जायचा तो जोंधळा आता चुन्याला आणि लाकडाला जाऊ लागला. गुडघे दुखायचे, पारू शेक द्यायची, आणि सकाळी तो पुन्हा उठायचा. दोन खोल्या उभ्या राहिल्या. गोजराच्या टोपल्यांसारखाच त्याच्या चुन्या-लाकडाच्या खर्चालाही शेवट आला.

त्यानंतरचा पाडवा उजाडला. इतक्या वर्षांची सवय! हैबतीने जोंधळ्याची गोणी भरली आणि उंबऱ्यावर बसून राहिला. सूर्य वर आला, तरी कोणी येईना.

"कोणाची वाट बघताय?" पारूने विचारलं.

हैबती गोणीकडे बघत राहिला. "अगं, ही द्यायची कोणाला?"

"मला द्या," पारू म्हणाली. तिने गोणी आत ओढली, पसाभर जोंधळा जात्यात टाकला आणि दळायला बसली.

हैबतीने डोळे पुसले. तेवढ्यात त्याला दाराशेजारचा एक दगड जरासा वाकडा दिसला. तो करणी घेऊन उठला, तशी पारू आतून ओरडली, "करा करा, सरळ करा! आता भाडं वाढायची भीती नाही!"

तर मंडळी, भाडं जन्मभर संपत नाही. पण तोच दाणा सुरुवातीला थोडं सोसून आपल्या भिंतीत घातला, तर पुढे तीच भिंत आपल्याला सांभाळते.