सुइणीचा फाटा

इथं सायकलवरून उतरा मंडळी. इथून त्या काळ्या खडकापर्यंत सायकल हातात धरून चालायचं, ही गारमाळची रीत आहे. पाटी बघा, वनखात्यानं लावलीय. वर वाटांची नावं आहेत, पण बाण नाही. बाण होता, गावानंच अर्ज करून काढायला लावला. आमच्या गावात हात करून वाट दाखवत नाहीत. कुणी वाट विचारली की हातातलं काम टाकून उठायचं आणि या खडकाला वळसा घालून त्याला उजव्या वाटेला लावून यायचं.

या ताई मघाशी म्हणाल्या, आजोबा, तुमचे गुडघे कुरकुरतात, आमच्या मोबाइलमध्ये नकाशा आहे, कशाला येता? सांगतो. आधी फाट्याचं ऐका.

फार जुनी गोष्ट, तेव्हा इथं ना बाजार होता ना हॉटेलं. धनगरांची चार घरं, आणि वर दीड कोसावर वरची वाडी. हे जोतं दिसतंय ना, इथं हैबती ढेबे राहायचा. तो आमच्याच घरातला, माझ्या पणजोबांच्याही आधीचा. माणूस वाईट नव्हता, असं सांगतात. धुक्यात हरवलेली म्हैस नुसत्या गळ्यातल्या लोढण्याच्या आवाजावरून शोधून आणायचा. त्याची एकुलती एक लेक धुरपा वरच्या वाडीत दिली होती आणि ती पोटुशी होती. पण दिवस भरायला अजून महिना होता, म्हणून हैबती निर्धास्त होता.

भादव्यातली दुपार. सकाळपासून म्हशींमागं भिजून हैबती घरी आला, घोंगडी चुलीवर धरून वाळवली आणि अंगाभोवती गुंडाळून ओट्यावर बसला. तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला नाही कळायचं. चार महिन्यांत अंगाला लागलेली पहिली कोरडी घोंगडी म्हणजे काय सुख असतं ते! तेवढ्यात धुक्यातून एक बाई आली. डोक्यावर इरलं, काखेत गाठोडं. कोकणातून घाट चढून आलेली, धाप लागलेली. म्हणाली, "दादा, वरच्या वाडीची वाट कुठली? घाईत हाय मी."

तेव्हाही रीत हीच होती की पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायचं. हैबतीच्या मनात आलं, आत्ता कुठं घोंगडी वाळलीय. त्यानं बसल्या जागेवरून हात केला, "ही अशी सरळ." बाई कोण, कुणाकडं निघालीय, एवढंही विचारलं नाही.

आता तुम्हीच त्या जोत्यावर बसून हात करून बघा. नको, राहू दे, करू नका. मीच सांगतो. तिथून हात केला की तो नीट डाव्या वाटेवर जातो. उजवी वाट या खडकाच्या आड सुरू होते, जवळ आल्याशिवाय दिसतच नाही. आणि डावी वाट शंभर पावलांवर कड्याला संपते. हैबतीला हे ठाऊक नव्हतं का? जन्म गेला होता त्याचा इथं. पण रोज पायाखालची वाट, दुसऱ्याला दिसत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई धावत आला. म्हणाला, धुरपाला काल अवेळीच कळा लागल्या. कोकणातल्या ठकू सुइणीला आणायला गडी धाडला होता. त्याच्या पायात काटा मोडला, तो खालीच राहिला, म्हातारी एकटीच पुढं निघाली. आम्ही रात्रभर वाट बघितली. पोर वाचलं, धुरपा गेली. ठकूबाई इथून गेली का?

हैबती म्हणाला, गेली. कुठल्या वाटेनं, असं जावयानं विचारलं. हैबतीचा हात उचलला गेला आणि तसाच राहिला म्हणे. तेव्हा त्याला दिसलं, आपला हात कुठं जातोय.

गाठोडं कड्याच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीत अडकलं होतं. आत एरंडेलाची बाटली, दोरा आणि स्वच्छ धुतलेलं फडकं. ठकूबाई खाली सापडली. हैबती स्वतः उतरला आणि ती कोरडी घोंगडी त्यानं तिच्यावर घातली. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं घोंगडी अंगावर घेतली नाही, असं सांगतात.

म्हातारी धुक्यात चुकली असं तो म्हणू शकला असता. कुणी बघितलं नव्हतं. पण बिरोबाच्या देवळात सगळी वाडी जमली तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी उठलो नाही." कुणी त्याला दंड केला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. त्यानं त्याला जास्तच लागलं असणार. पुढं जो कुणी वाट विचारी त्याला तो इथवर आणायचा आणि स्वतःच्या तोंडानं हे सगळं सांगायचा. लाज वाटायची, तरी सांगायचा.

तेव्हापासून सुइणीच्या फाट्याची गोष्ट गावात कुणीही उठून सांगत नाही. आजही नाही. बसून वाट दाखवायची चूक ज्याच्या हातून होते, त्यानंच ती सांगायची आणि येईल त्याला इथवर पोचवायचं, पुढचा चुकेपर्यंत. माझ्या आधीचा सांगणारा वारला, त्यानंतर पस्तीस वर्षं ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, कुणी चुकलंच नव्हतं. गाव फुशारकी मारायचं त्याची.

गेल्या माघात, धुकं होतं, मी ओसरीवर चहा पीत बसलो होतो. सायकलवरून एक पोरगी आली, तुमच्याच वयाची, ताई. वाट विचारली. गुडघा ठणकत होता, चहा गरम होता. मी हात केला.

जाळीनं अडवली म्हणून वाचली. पाय मात्र मांडीत मोडला. काठी घेऊन चालते म्हणे अजून. कोण, कुठली, मी विचारलंच नव्हतं तिला. नाव मला दवाखान्यात कळलं.

म्हणून येतो, ताई. चला, या खडकाच्या मागून. मी पुढं होतो.