छत्रीखालचे बिल्ले

खूप जुन्या काळी, मीठ राजाचे असायचे आणि समुद्र कुणाचाच नसायचा, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका राज्याच्या टोकाला खाडी होती आणि खाडीकाठी राजाचे मिठागर होते. दूरच्या डोंगरांतून माणसे तिथे कामाला येत. उन्हाळाभर पाण्यात उभी राहून मीठ ओढत, पावसाळ्यात बांध सांभाळत. मिठाने त्यांचे पाय पांढरे पडत, आणि कितीही धुतले तरी पांढरेच राहत.

प्रत्येक कामकऱ्याला त्याची खूण कोरलेला तांब्याचा एक बिल्ला मिळे. पुनवेला तो दाखवला की महिन्याची मजुरी, दहा नाणी, हातात पडे. घरी जायचे असेल तर वेशीवरही तोच दाखवावा लागे. खजिन्याचा नियम सोपा होता. बिल्ला बघायचा, तोंड बघायचे नाही.

त्या मिठागरात एक बाई होती. दोन वर्षांच्या मुलीला बहिणीकडे ठेवून ती एका हंगामापुरती आली होती. निघताना तिने काथ्याची दोरी मुलीच्या उंचीला लावून गाठ मारली होती आणि ती दोरी कमरेला गुंडाळून आणली होती. बांधावर उभे राहिले की उगवतीला एक डोंगर दिसे. त्याच्या पलीकडे तिचे घर. काम करता करता ती तिकडे इतकी बघे की बाकीच्या बाया म्हणत, "अगं, डोंगर झिजेल."

महिना झाला नसेल तोच निरोप आला. मुलगी तापाने फणफणली आहे, वैद्याला द्यायला आठ नाणी धाड.

पुनव वीस दिवसांवर होती. खजिना बंद होता. उघडी होती फक्त एक छत्री. मिठागराच्या दाराशी ताडाच्या पानांची मोठी छत्री लावून एक माणूस बसलेला असे. त्याला सगळे छत्रीवाला म्हणत. तो कधी मोठ्याने बोलत नसे.

"घे गं ताई, पोर आधी," तो म्हणाला. "पुनवेला दहा दे. तोवर बिल्ला माझ्याकडे राहू दे. सावलीत राहील."

बाईने नाणी धाडली. मुलगी बरी झाली. बाईने देवाला हात जोडले आणि छत्रीवाल्यालाही जोडले.

पुनवेला छत्रीवाल्याने तिचा बिल्ला दाखवून दहा नाणी घेतली. हिशेब मिटला. पण बाईचा हात रिकामा होता आणि पुढचा अख्खा महिना समोर उभा होता. खायचे काय? त्याच संध्याकाळी तिने पुन्हा आठ नाणी घेतली आणि बिल्ला पुन्हा सावलीत गेला. पुढच्या पुनवेलाही तेच झाले. त्याच्या पुढच्याही.

तिला फार काही नको होते. एकदाच आठ नाणी हाती शिल्लक राहिली असती, तर ती मोकळी होती. पण पोटाला चिमटा घेऊन एखादे नाणे मागे टाकावे, तर कधी ताप येई, कधी पाय चिरे. हंगाम संपला. बिल्ल्यावाचून वेस उघडत नव्हती. मग तिने दोरीला अंदाजाने दुसरी गाठ मारली. दर वर्षी ती मिठागरातल्या तेवढ्या वयाच्या एखाद्या पोरीला हळूच बोलावी, तिच्या उंचीला दोरी लावी आणि गाठ मारी. पोरी हसत. ती हसत नसे.

तिच्या शेजारी मीठ ओढणारा एक म्हातारा होता. त्याचाही बिल्ला तिकडेच होता. तो म्हणे, "आमचं नशीब बघ. मी उन्हात आणि माझा बिल्ला सावलीत."

अशी पाच वर्षे गेली.

एका पुनवेला राजाच्या मनात आले की आज मजुरी आपल्या हाताने वाटावी. तो मिठागरावर आला. खजिनदाराने थैल्या सोडल्या. राजाने मान वर करून पाहिले, तर रांगेत एकच माणूस उभा होता. त्याच्या गळ्यात बिल्ल्यांची माळ होती आणि ती बैलाच्या घुंगुरमाळेसारखी वाजत होती.

राजाने विचारले, "माझी माणसं कुठे आहेत?"

"कामावर आहेत, महाराज," छत्रीवाला नम्रपणे म्हणाला. "त्यांना कशाला तसदी? मी आहे ना."

राजाने माळेतला हाताला लागला तो बिल्ला ओढला आणि तो ज्याचा असेल त्याला बोलवायला सांगितले. बाई आली. तिच्या पायांवरून पाणी निथळत होते. किती घेतले होतेस, असे राजाने विचारले. ती म्हणाली, आठ. परत किती दिलेस, ते तिला सांगता येईना. मग खजिनदाराने बोटांवर मोजले. साठ पुनवा झाल्या होत्या, आणि दर पुनवेला दोन नाणी जास्तीची गेली होती. एकशे वीस.

"आणि आठ बाकी आहेत," छत्रीवाल्याने हळूच आठवण करून दिली.

राजाचा चेहरा लाल झाला. ही छत्री मोडा आणि ह्या माणसाला खाडीपार करा, असे त्याने फर्मावले. सगळ्यांना वाटले, बाई आनंदाने रडेल. पण तिने पहिल्यांदाच मान वर केली.

"नका हाकलू, महाराज. माझं पोर आजारी पडलं तेव्हा तुमचा खजिना बंद होता, ह्याची छत्री उघडी होती. उद्या दुसरीचं पोर पडेल. ती कुठं जाईल?"

खजिनदार चिडला. म्हणाला, "मग तक्रार कसली? तू तुझ्या मर्जीनं घेतलंस. कुणी हात धरला होता का?"

"बुडणारा माणूस काठीचा भाव विचारत नाही, सरकार," बाई म्हणाली. मग ती राजाकडे वळली. "भूक रोज लागते, मजुरी महिन्यानं मिळते. मधले दिवस ह्यानं विकायला काढले. त्याला माप घाला. इथं मिठालासुद्धा माप आहे."

ते मधले दिवस मुळात कुणी मोकळे सोडले होते, हे राजाला कळले. आणि ते छत्रीवाल्याने सोडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वेशीवर नवे नियम कोरलेली शिळा उभी राहिली. मजुरी दर आठवडी बाजाराच्या दिवशी मिळेल. ती ज्याची त्याच्याच हातात पडेल. बिल्ला कुणी गहाण घेणार नाही. आठ नाणी उसनी देणाऱ्याला वर एक घेता येईल, मग फेडायला कितीही दिवस लागोत, आणि फेड थोडी थोडी करता येईल. ज्याने त्याहून जास्त आधीच भरले, तो मोकळा.

छत्रीवाल्याला हे माप परवडेना. जिथे राज्याची हद्द संपते तिथे, खाडीच्या मधोमध, त्याने होडीत छत्री उघडली. पण आता त्याच्या हाती कुणाचा बिल्ला नव्हता आणि कुणाला त्याच्याकडे जायची घाई नव्हती. काही दिवस छत्री पाण्यावर डुलताना दिसली, मग दिसेनाशी झाली.

बाई त्याच आठवड्यात निघाली. वेशीवर तिने बिल्ला दाखवला आणि वेस उघडली. तीन दिवस चालून ती डोंगरापलीकडे पोहोचली.

अंगणात एक मुलगी सुपात शेंगा निवडत बसली होती. तिने पाहुणीकडे पाहिले आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, कुणी बाई आलीय. पाय पांढरे आहेत तिचे."

आतून बहीण बाहेर आली आणि दारातच थांबली.

बाईने कमरेची दोरी सोडली आणि मुलीला उभे राहायला सांगितले. मुलगी उभी राहिली. शेवटची गाठ तिच्या कानापाशी आली. त्याच्या वर चार बोटे मुलगी होती आणि दोरी संपली होती.

"किती दिवस राहणार तुम्ही?" मुलीने विचारले.

बाईने गळ्यातला बिल्ला मुठीत धरला. "तू सांगशील तितके," ती म्हणाली.

मुलीने शेंगांचे सूप बाजूला सरकवले आणि बसायला जागा केली.

म्हणून सांगतो, गरजवंताला अक्कल नसते असे म्हणून हसू नये. त्याच्या गरजेला माप घालणे हे राज्याचे काम आहे, आणि ते वेळेवर करावे, कारण पैसा परत मिळतो, वर्षे परत मिळत नाहीत.