जुन्या हाकेला ओ

संगणक आता घरोघरी आले, तेव्हा दृष्टांतांनीही त्यांच्या उंबऱ्यात पाऊल टाकायला हरकत नसावी. तर एकदा एक भांड्यांचा व्यापारी नवा संगणक घेऊन घरी आला. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात कुंकवाचे स्वस्तिक काढले, समोर नारळ फोडला, शेजारी पेढे वाटले. जुना संगणक वीज पडून जळाला होता. पण त्यात साठवलेले सगळे सुदैवाने वाचले होते आणि ते दुकानदाराने नव्या संगणकात उतरवून दिले होते. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात. इथे ती चौथ्याच दिवशी संपली.

त्याचे कारण असे. व्यापाऱ्याची पत्नी चारुलता नऊ वर्षांपूर्वी वारली. दुखणे बरे होणारे नाही हे कळल्यावर त्या बाईने रडत न बसता एक काम हाती घेतले. मुलगी रेवती तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्या लग्नात म्हणायचे शेवटचे मंगलाष्टक चारुलतेने स्वतः रचले, पेटीवर बसवले आणि संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तिने ते भरले, त्याची साठवण्याची पद्धत सगळ्या जगाहून निराळी. त्याच्यावाचून ते दुसऱ्या कशातही वाजत नसे. व्यापाऱ्याने नऊ वर्षांत ते एकदाही ऐकले नव्हते. त्याला ते झेपलेच नसते. आता लग्न सहा दिवसांवर आले, त्याने मन घट्ट करून ते सॉफ्टवेअर उघडायला घेतले, तर नव्या संगणकाने दोन ओळींचा निरोप दाखवला आणि सगळे मिटून टाकले.

व्यापारी तसाच गुरुजींकडे धावला. गुरुजी म्हणजे पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. पुढे हौसेने संगणक दुरुस्त करू लागले आणि गावाने त्यांना पुन्हा कामाला लावले. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू, आणि सत्याच्या बाबतीत इतका काटेकोर की 'पाच मिनिटांत आलो' म्हणणारा सातव्या मिनिटाला आला, तर हा त्याला घड्याळ दाखवी. गुरुजींचा त्याच्यावर फार जीव होता. घड्याळ त्यांनाही अनेकदा पाहावे लागले होते.

दोघे व्यापाऱ्याच्या घरी आले. गुरुजी खुर्चीत बसून राहिले आणि शिष्याने तासभर खटपट केली.

"काका, रोग कळला," शिष्य म्हणाला. "हे सॉफ्टवेअर उघडताना आधी विचारतं, इथली ऑपरेटिंग सिस्टीम कोणती? आपली सिस्टीम नवी, ती स्वतःचं खरं नाव सांगते. ते नाव याने कधी ऐकलेलं नाही, म्हणून हे बंद होतं. बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली, त्यामुळे नवी आवृत्तीही मिळायची नाही."

"म्हणजे उपायच नाही?"

"एक सोय आहे तशी. नव्या सिस्टीमने याला जुन्या सिस्टीमचं नाव सांगायचं. पण ती फसवणूक झाली, काका. असलं टेकू लावलेलं काम मी करत नाही. मंगलाष्टकाचे शब्द कुठे लिहिलेले असतील, तर दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घ्या."

दाराशी उभी असलेली रेवती मुकाट्याने आत गेली. शिष्याने गुरुजींकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

इतक्यात भिंतीला धरत व्यापाऱ्याची वृद्ध आई बाहेर आली. दोन वर्षांपासून तिला विस्मरण जडले होते. गुरुजींना पाहताच ती हरखली. "दिनू! कधी आलास रे?"

दिनू हा तिचा धाकटा भाऊ. तो जाऊन तीस वर्षे झाली होती.

"हा काय, आत्ताच आलो, अक्का," गुरुजी म्हणाले.

"बैल पाण्यावर नेलेस?"

"नेले की."

"मग बस. चारू, दिनूला लाडू दे गं!"

"देते हं, आई," म्हणत रेवती लाडू घेऊन आली. आजी नातीला सुनेच्याच नावाने हाक मारी, आणि रेवतीही 'आजी' हा शब्द गिळून, आपली आई जशी ओ देत असे तशीच ओ देई.

शिष्य थक्क झाला. ज्या गुरुजींनी शाळेत एका खोट्या निरीक्षणासाठी अख्खी प्रयोगवही परत लिहायला लावली, ते आज बिनदिक्कत बैल पाण्यावर नेत होते! त्याला राहवेना. "आजी, हे दिनू नाहीत. हे आमचे गुरुजी. आणि ही चारू नाही, तुमची नात आहे."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. "दिनू नाही? मग माझा दिनू कुठाय? ही कोण माणसं शिरलीत घरात?" ती थरथरत आपल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

रेवती पाव तास त्या दाराशी बसून होती. "आई, मी चारू आलेय. दार उघडा ना," असे ती पुन्हा पुन्हा, जराही न चिडता म्हणत राहिली. शेवटी कडी वाजली. शिष्य मान खाली घालून उभा होता. त्याचे बोलणे अक्षरशः खरे होते, आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

गुरुजींनी त्याला जवळ बसवले. "बाळ, लबाडी कशाला म्हणतात? दुसऱ्याचं काहीतरी काढून घेण्यासाठी बोललेल्या खोट्याला. ही पोर आजीचं काय काढून घेते? उलट स्वतःचं नाव बाजूला ठेवते. म्हातारीचं आता नवं नाव शिकायचं वय राहिलं नाही, आणि त्या सॉफ्टवेअरचंही नाही. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने वाकावं, आणि ताकद नेहमी नव्याकडे असते. मात्र दार उघडलं की आतलं धन लगेच आजच्या पद्धतीत उतरवून ठेव. ओ देणारं माणूस कायम मिळेल असं नाही."

शिष्य उठला. त्याने ती सोय चालू केली. नव्या सिस्टीमने जुने नाव सांगितले आणि ते सॉफ्टवेअर आपल्या जुनाट करड्या तोंडावळ्यासह निमूट उघडले. शिष्याने आधी एक प्रत आजच्या पद्धतीत उतरवली, उघडून तपासली, आणि मगच आवाज मोठा केला.

पेटीचा सूर आला. मग एक हलकासा खोकला, आणि मग चारुलतेचा आवाज. दुसऱ्या ओळीला तो किंचित कापला, तिसरीला सावरला. 'शुभमंगल सावधान' पर्यंत व्यापारी भिंतीकडे तोंड करून उभा होता. नऊ वर्षे अडवलेले रडू त्याने आज अडवले नाही.

आजी खोलीच्या दारात आली होती. ती संगणकाकडे पाहत राहिली, मग तिने रेवतीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"रेवा," ती म्हणाली, "ऐकलंस का गं? तुझी आई गातेय."

दोन वर्षांत तिने हे नाव उच्चारले नव्हते.

"हो, आजी," रेवती म्हणाली, आणि तिने आजीला घट्ट मिठी मारली.

ती जाग फार काळ टिकली नाही. थोड्या वेळाने आजीने खोलीभर नजर फिरवली आणि ती डोळे पुसणाऱ्या शिष्यावर येऊन थांबली. "दिनू, रडतोस काय असा? लाडू खाल्लास का?"

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. एका घरात दोन दिनू झाले होते, पण थोरल्या दिनूची काही तक्रार दिसली नाही.

"खातो, अक्का," शिष्य म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.