ओढ्यावरची शीळ

फार फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक गाव होते. त्या गावात लागोपाठ दोन घरी चोऱ्या झाल्या आणि माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली.

त्याच सुमारास लखमा नावाचा बुरूड आणि त्याची बायको सोनाई तिथे आली आणि ओढ्याकाठी झोपडी बांधून राहिली. पावसाळ्यात ओढा भरून वाहू लागला, तशी रोज पहाटे तिकडून शीळ ऐकू येऊ लागली. अगदी माणसाने घालावी तशी. मध्येच सूर सोडून द्यायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

लखमा चोरांना खुणावतो, असे गावाने ठरवून टाकले. त्याच्या टोपल्या कोणी घेईना. सोनाई पाणवठ्यावर आली की बायका गप्प होत. शेवटी पाटलांनी लखमाला देवळात आणून पहाऱ्यात बसवले.

पहाटे शीळ आलीच. तरी संशय काही गेला नाही. याचा कोणी साथीदार असणार, असे लोक म्हणू लागले.

सोनाई पाटलांकडे गेली. म्हणाली, "शीळ वाटेवरून कधी आली का, पाटील? ती धबधब्यापासूनच येते. एकदा जाऊन बघा. घोळका नेऊ नका, गलबल्याने ती थांबते; एकटेच जा."

एकटे बोलावण्यातही पाटलांना डाव दिसला. तरी दुसऱ्या पहाटे कुऱ्हाड घेऊन ते गेले आणि साथीदाराला पकडायचे म्हणून खडकाआड दबा धरून बसले.

झुंजूमुंजू झाले. अगदी जवळून शीळ आली. पाटलांनी कुऱ्हाड उचलून हळूच डोकावले. ओल्या कातळावर एक काळेभोर पाखरू तीच शीळ घालत होते. खांद्यावर चमकदार निळी झाक होती. तो कस्तूर पक्षी होता. पाटलांचा पाय जरासा सरकला, तसा तो धबधब्यामागच्या कपारीत दिसेनासा झाला.

पाटील खाली मान घालून देवळात आले. त्यांनी सर्वांसमोर लखमाची माफी मागितली आणि गावातच राहण्याची विनंती केली. पण तोवर सोनाईने सामान बांधले होते.

ती म्हणाली, "उद्या दुसरा कसला आवाज आला, तर तुम्ही पुन्हा आमच्याचकडे बघाल."

दोघे घाट चढून गेली, ती परत आली नाहीत.

म्हणून मुलांनो, आवाज कोणाचा हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणावर आळ घेऊ नये. आळ मागे घेता येतो, पण दुखावलेले माणूस परत मिळेलच असे नाही.