कुंपणापलीकडची हाक

ढग दुपारी झाडांवर झोपायला उतरत, तेव्हाची गोष्ट. खोटी वाटली तर ढगांना विचारा. बोरबनाच्या मुंगूसराजानं, घरटी उलटी टांगतात म्हणून, बनातल्या साऱ्या सुगरणी मारल्या. एक उरली. ती तळ्याकाठच्या पंचायतीत आली.

“माझं बन, माझ्या सुगरणी!” मुंगूसराजा म्हणाला. जमलेल्या सगळ्या बनांच्या राजांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला आपापलं कुंपण होतंच की!

सुगरण म्हाताऱ्या सरपंच कासवाकडे वळली. “कासवआजोबा, एक अंडं चोरलं तर शिक्षा आहे. अख्खं कूळ संपवलं तर?”

“पोरी, एवढ्या पापाला आपल्याकडे नावच नाही.”

“मग आज ठेवा!”

कासवानं ‘कुळबुडवणी’ म्हटलं. मुंगसाला हाकललं आणि ठरलं, की ‘कुळबुडवणी!’ अशी हाक आली, की कुणाचंही कुंपण आडवं येणार नाही.

पुढे ससेबनातून तीच हाक आली. सारे शूर धावले आणि सवयीनं कुंपणापाशी थबकले. मागून धापा टाकत आलेलं कासव तेवढं खालून आत शिरलं.

“या रे वाघांनो,” ते आतून म्हणालं, “ससे अजून जिवंत आहेत!”